पाच नंबरची खडी

चौदा ऑक्टोबरला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी खाणीतल्या पट्ट्याने माझ्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून उपटून नेली.

तसं काही झालेलं नाही. त्या दिवशी खाणीत अपघात झाला नाही, आदल्या दिवशी झाला नव्हता आणि दुसऱ्या दिवशीही झाला नाही. फाटकाशी हिरवा बोर्ड आहे, त्यावर अपघाताशिवाय गेलेल्या दिवसांचा आकडा असतो, आणि आकडा खोटं बोलत नाही. आकडा लिहिणारे ओनोदेरा-सान अधूनमधून बोलतात, पण त्यांचं अक्षर सुंदर आहे.

तर जे झालं नाही ते क्रमाने सांगतो.

मी अनुप. मूळचा पुण्याचा, राहायला टोकियोत फुनाबोरीला, बायको विभासोबत. आमच्या कंपनीने मला तीन महिन्यांसाठी सेंदाईच्या पलीकडच्या डोंगरांत एका दगडखाणीवर पाठवलं होतं. सुरुंग उडाला की जमीन किती हादरते हे मोजणारे सेन्सर बसवायचे आणि त्यांचं सॉफ्टवेअर चालतं करायचं. म्हणजे काम टायपिंगचं. टायपिंगला दहा बोटं लागतात असं शिकवतात. मी आयुष्यभर दोनच वापरली आहेत, दोन्ही तर्जन्या. ही माझी एकूण उत्पादनक्षमता.

दगडखाण म्हणजे काय हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. माझी समजूत अशी की दगड मिळतो. मिळत नाही, मारून घ्यावा लागतो. आधी डोंगराची कातडी सोलतात: झाडं, माती, मुरूम. मग उघड्या पडलेल्या अंगात बारा-बारा मीटर खोल भोकं पाडतात, त्यांत दारू ठासतात, भोंगा वाजवतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत एकामागून एक चाळीस भोकं फोडतात. डोंगर आधी किंचित फुगतो, मग खोकतो, मग गुडघ्यावर येतो. पडलेले तुकडे डंपर उचलतो आणि क्रशरच्या तोंडात घालतो. तिथे दोन पोलादी जबडे त्यांना चावतात. जे चावूनही मोठे राहतात त्यांना दुसरं यंत्र भरडतं. शेवटी एकाखाली एक थरथरत्या चाळण्या असतात, त्या मेलेल्यांची मापाप्रमाणे वर्गवारी करतात.

चावायच्या आधीच बाजूला काढलेले फ्रिजएवढे धोंडे समुद्राच्या बंधाऱ्याला जातात. लिंबाएवढी गिट्टी रेल्वेच्या रुळांखाली जाते. त्याहून बारीक खडी काँक्रीटला आणि डांबराला, कच वाळूच्या जागी, आणि उरलेली पूड लोकांच्या फुप्फुसांत. इथला दगड अँडेसाइट, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा जरा गोरा चुलतभाऊ. तुम्ही हे घरात बसून वाचत असाल तर एका डोंगराच्या तुकड्यांमध्ये बसला आहात. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

इतकी मारझोड जिथे चालते तिथे शिस्त फार. रोज सकाळी रेडिओवर कवायत. मग सगळ्यांनी गोल करून आज आपण कशाने मरू शकतो यावर दहा मिनिटं चर्चा. आणि मग दिवसभर बोट दाखवणं. जपानमध्ये ट्रेनचे चालक करतात तेच: जी वस्तू तपासायची तिच्याकडे तर्जनी रोखायची, तिचं नाव घ्यायचं आणि 'योशी' असं ओरडायचं. योशी म्हणजे ठीक आहे. ब्रेक, योशी. शिडी, योशी. डावीकडे कोणी नाही, योशी.

मला हा प्रकार मनापासून आवडला. शाळेत आवाज खणखणीत नाही म्हणून मला परेडला मागच्या रांगेत टाकलं होतं. ते उट्टं मी एका अँडेसाइटच्या खाणीत काढत होतो. पण खाणप्रमुख ओनोदेरा-सान यांना माझी पद्धत पसंत नव्हती.

"अनुप-सान, तुमचा हात कोपरात वाकतो," ते तेरा तारखेला म्हणाले. "अर्धा हात म्हणजे अर्धी सुरक्षा. परवा बोर्डावर पाच हजार दिवस होतील. पाहुणे येणार आहेत. हात पूर्ण लांब करा."

चौदाला मी हात पूर्ण लांब केला.

सेन्सरची वायर तपासायला मी चाळण्यांकडे खडी नेणाऱ्या लांब रबरी पट्ट्याच्या शेपटाशी गेलो. तिथे पट्टा एका लोखंडी रोळावरून वळतो. त्या रोळावर जाळी असते. अडकलेले दगड काढायला कोणीतरी ती उतरवली होती आणि भिंतीला टेकवून ठेवली होती. जाळी जागेवर नाही हे मला दिसलं. पण माझ्या हातातल्या यादीत चौथ्या क्रमांकावर जाळी होती. तेव्हा मी पाय जुळवले, जिथे जाळी असायला हवी त्या जागेकडे तर्जनी रोखली, हात पूर्ण लांब केला आणि म्हणालो, "जाळी, योशी."

रोळाने आधी हातमोज्याचं टोक धरलं. मग हातमोजा धरला. मग मला धरलं. मी खांद्यापर्यंत आत चाललो होतो. हेल्मेट लोखंडी चौकटीवर आदळून चिरलं, बरगड्या कशावर तरी घासल्या, आणि कोंबडीची तंगडी मोडताना येतो तसा आवाज आला. मी मागे फेकला गेलो. हातमोजा पुढे गेला. त्यात एक बोट होतं.

रक्त पाहून मला पहिल्यांदा यादी आठवली. पाचवा क्रमांक: परिसर स्वच्छ.

माझ्या ओरडण्याने ओइकावा-सान धावत आले. ते इथले सुरुंगवाले, वय चौसष्ट, चाळीस वर्षं डोंगर उडवतायत. उडवण्याआधी डोंगराला कमरेतून वाकून नमस्कार करतात आणि त्याची माफी बिफी मागत नाहीत. त्यांनी खिशातली सुरुंगाची वायर काढून माझ्या मनगटाला इतकी आवळली की बोटापेक्षा मनगट दुखायला लागलं. मग पट्टा थांबवायची लाल दोरी धरली.

वॉकीटॉकीतून ओनोदेरा-सान म्हणाले, "ओइकावा-सान, दोरी ओढलीत तर मशीनमध्ये नोंद होते."

"माणसाचं बोट गेलंय पट्ट्यावरून."

"ऐकलं मी. वाईट झालं. दोरी सोडा."

एवढ्या संभाषणात बोट वर पोचलं होतं. पुढचं मी खालून पाहिलं. पिवळा हातमोजा खडीवर बसून चढावर गेला आणि चाळण्यांत पडला. तिथे तो वर-खाली, वर-खाली आपटत राहिला, दगड त्याला आणि तो दगडांना. चाळीसच्या जाळीतून खाली. वीसच्या जाळीतून खाली. तेरा मिलिमीटरच्या जाळीवर मात्र अडला. जपानी वर्गवारीत वीसमधून पडणाऱ्या आणि तेरावर अडणाऱ्या मालाला पाच नंबरची खडी म्हणतात. म्हणजे माझी तर्जनी पाच नंबरची निघाली. काँक्रीटला उत्तम.

ओइकावा-सान पाच नंबरच्या ढिगावर चढले. वरून खडी पडतच होती. ती त्यांच्या हेल्मेटवर, खांद्यांवर, मानेवर गारांसारखी बडवत होती, आणि ते गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ढीग उपसत होते. एका दगडाने त्यांची भुवई फोडली. पंधरा मिनिटांनी ते खाली उतरले तेव्हा अर्धा चेहरा लाल आणि अर्धा करडा होता. हातात हातमोजा होता.

"बऱ्यापैकी आहे," ते आत डोकावून म्हणाले. "लगेच गेलं तर शिवतील. सहा तास असतात म्हणे."

ऑफिसच्या खोलीत त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्यातला भात ओतून दिला, फ्रिजमधला बर्फ भरला, बोट स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि झाकण लावलं. मग फोन उचलला. ओनोदेरा-सान यांनी फोनची वायर भिंतीतून उपसली.

"अँब्युलन्स आली की कामगार खात्याला कळतं," ते म्हणाले. आवाज अगदी नम्र होता. "चार हजार नऊशे नव्याण्णव दिवस झालेत, ओइकावा-सान. उद्या एक दिवस. तो पोरगा उद्या का नाही पडला?"

"फोन द्या."

"कृपया नाही."

"मग मी तुम्हाला मारणार आहे."

"समजलं," ओनोदेरा-सान म्हणाले. "हेल्मेट घाला."

कारण मारामारीत कोणी जखमी झालं तर तोही अपघातच. दोघांनी हेल्मेटं घातली, हनुवटीखालचे पट्टे लावले. ओइकावा-सान यांनी समोरच्याच्या पट्ट्याकडे बोट रोखून "योशी" म्हटलं, समोरच्याने त्यांच्या पट्ट्याकडे रोखून म्हटलं, आणि मग दोघं एकमेकांवर तुटून पडले. साठी ओलांडलेली माणसं अशी मारतात हे मी पाहिलं नव्हतं. ओइकावा-सान यांनी हेल्मेटच्या कडेने त्यांचं नाक फोडलं. ओनोदेरा-सान यांनी त्यांना कपाटावर घातलं, कपाट दोघांवर आलं, आणि ते कपाटाखालीही गुद्दे घालत राहिले. मी एका हाताने डबा वर धरून कोपऱ्यात उभा होतो. एक दात घरंगळत माझ्या बुटापाशी आला. कोणाचा ते विचारायची ती वेळ नव्हती.

"हे बघ," ओइकावा-सान त्यांच्या छातीवर बसले आणि आपला डावा हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यावर तीनच बोटं होती. तीन महिन्यांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं, कारण ते कायम हातमोजे घालत. "ही कुठे गेली माझी?"

"घरी," ओनोदेरा-सान खालून म्हणाले. "कपाटाच्या दारात. तुम्हीच लिहून दिलंत."

"आणि क्रशरवाल्याचा अंगठा?"

"घरी."

"त्याच्या आधीच्याचा डोळा?"

"तोही घरीच. गवत कापताना."

इथल्या माणसांची घरं फार धोकादायक आहेत.

तेवढ्यात बाहेर पहिला भोंगा झाला. दोघंही थांबले, उठले, कपडे झटकले. बाराचा सुरुंग. चाळीस भोकं सकाळीच भरून झाली होती, आणि भरलेला डोंगर तसाच सोडून जाता येत नाही. तो उडवण्याचा परवाना फक्त ओइकावा-सान यांच्याकडे होता. शिवाय फाटकापुढे बाहेर पडायचा एकमेव रस्ता त्या कड्याखालून जातो, आणि सुरुंग होऊन तपासणी संपेपर्यंत तो बंद असतो.

"उडवलं की सरळ दवाखाना," ओइकावा-सान म्हणाले.

"मी स्वतः नेतो. माझ्या गाडीने," ओनोदेरा-सान नाकात कापूस घालत म्हणाले. "शब्द देतो."

ओइकावा-सान माझ्याकडे वळले. "डबा सरळ धर. हलवू नकोस." आणि ते आपला डोंगर मारायला गेले.

नियमाप्रमाणे सुरुंगाच्या वेळी गाडी फाटकाबाहेर थांबवायला हवी होती. पण फाटकावरचा पहारेकरी येणारी-जाणारी प्रत्येक गाडी वहीत लिहितो, आत कोण बसलंय तेही. म्हणून ओनोदेरा-सान यांनी गाडी पाच नंबरच्या ढिगाआड लावली. डबा त्यांनी मागच्या सीटवर ठेवला आणि त्याला सीटबेल्ट लावला.

"दवाखान्यात काय सांगायचं ते ठरवू," ते म्हणाले. "स्वयंपाक करताना सुरी लागली."

"सुरीने बोट उपटत नाही."

"मग तुमच्याकडे स्वयंपाकात काय असतं?"

मी विचार केला. माणसाच्या हातातून बरंच रक्त गेलं की तो समोरच्याला मदत करायला लागतो. "पाटा-वरवंटा असतो. दगडावर दगड. चटणी वाटतात."

त्यांचा चेहरा उजळला. "दगडाचा? फार छान. वजन किती?"

मी विभाला फोन लावायला घेतला. फोन तर्जनीच्या ठशाने उघडतो. तो आधी मी सवयीप्रमाणे, नसलेल्या बोटाने उघडायचा प्रयत्न केला. मग डाव्या हाताने आकडे दाबले.

"विभा, कोणी विचारलं तर आपल्याकडे पाटा-वरवंटा आहे."

"कशाला? आपल्याकडे मिक्सर आहे. आणि मी मीटिंगमध्ये आहे."

"त्यात माझं बोट गेलंय."

"मिक्सरमध्ये? तू सेंदाईला आहेस ना?"

"पाट्यात. सेंदाईच्या पाट्यात."

मग मीटिंगमधून उठल्याचा आवाज आला. "अनुप, खरं बोल. किती गेलंय?"

"अख्खं. पण डब्यात आहे."

"मूर्खा, अँब्युलन्सचा एकशे एकोणीस फिरव. आत्ता. कोण आहे तुझ्या शेजारी? दे त्याला फोन."

मी फोन दिला. विभाचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं आहे, ती एदोगावाच्या एका शाळेत ऑफिस सांभाळते आणि पालकांना ऐकवते. ओनोदेरा-सान ऐकत राहिले, फोन कानाला लावून गाडीच्या स्टिअरिंगला तीनदा वाकून नमस्कार करत राहिले, आणि "तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे" असं म्हणून फोन बंद केला. मग बंदच ठेवला.

तिसरा भोंगा झाला.

आवाज नंतर येतो. आधी सीट खालून लाथ मारते. ढिगाची खडी गाडीवर सळसळत आली, कडा सुटा झाला आणि डोंगराचा पुढचा भाग सगळा एकदम खाली बसला, धुळीच्या मागे काही दिसेना. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर सेन्सरचे आकडे उमटले, सगळे, बिनचूक. सॉफ्टवेअर चाललं. मी खूश झालो हे कबूल करतो.

मग आकाशातून एक दगड आला. तो साधारण नारळाएवढा होता. गाडीचं छप्पर त्याने कागदासारखं फाडलं, आणि मागे काहीतरी चेचल्याचा बारीक आवाज झाला. काच माझ्या मानेत घुसली, ओनोदेरा-सान यांचा कान चिरला. आम्ही दोघांनी एकदमच मागे पाहिलं. दगड मागच्या सीटवर बसला होता, सीटबेल्टच्या आत.

डबा त्याच्याखाली होता.

"झाडाची फांदी पडली," ओनोदेरा-सान चिरलेला कान दाबत म्हणाले. "गाडीवर. माझ्या घरी."

एक भोक फुटलंच नव्हतं. न फुटलेली दारू आत असताना रस्ता उघडत नाहीत, त्यामुळे आणखी तास गेला. ओइकावा-सान धुळीतून धावत आले तेव्हा त्यांनी आधी छप्पर पाहिलं, मग मागचं दार उघडलं. दगड दोन्ही हातांनी उचलला. बराच वेळ तो तसाच धरून उभे राहिले. मला वाटलं आता तो ओनोदेरा-सान यांच्या डोक्यात घालतील. ओनोदेरा-सान यांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी निमूटपणे हेल्मेट काढून ठेवलं.

ओइकावा-सान यांनी दगड खाली ठेवला. "माझाच आहे," ते म्हणाले. "मीच उडवला."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डबा उघडला, चिमट्याने थोडं हलवून पाहिलं आणि झाकण लावलं. "हे आता शिवता येणार नाही. दोन तासांपूर्वी आला असतात तर बघितलं असतं." मग माझ्या पंज्यातून एक करडी कपची काढून दिव्याखाली धरली. "कसं झालं?"

"घरी. चटणी वाटताना."

"कुठल्या दगडावर?"

"आमच्याकडचा काळा दगड असतो."

"हा काळा नाही. हा इथला आहे. माझ्या अंगणात हीच खडी टाकली आहे." त्यांनी कपची ट्रेमध्ये ठेवली. टिणकन वाजली. "चटणी कशाची होती?"

"शेंगदाण्याची."

त्यांनी माझ्यामागे उभ्या असलेल्या दोन रक्ताळलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "आणि हे?"

"हेही जेवायला होते," मी म्हणालो.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: घरी. इतक्या सराईतपणे लिहिलं की त्यांना कागदाकडे बघावंही लागलं नाही.

पंधरा तारखेला बोर्डावर पाच हजार झाले. पाहुणे आले, प्रशस्तिपत्र आलं. सगळ्या कामगारांनी रांगेत उभं राहून बोर्डाकडे बोट रोखायचं आणि एका सुरात म्हणायचं असं ठरलं होतं. रांगेत अंगठा नसलेला होता, डोळा नसलेला होता, दात नसलेले ओनोदेरा-सान होते. "अपघात शून्य, योशी." मीही हात पूर्ण लांब केला. तर्जनी नव्हती, तेव्हा जे होतं ते रोखलं: पांढऱ्या पट्टीतून बाहेर आलेलं, ताठ, एकटं मधलं बोट. मुख्य पाहुण्यांनी ते पाहिलं आणि क्षणभर थांबून मला वाकून नमस्कार केला.

ओइकावा-सान यांनी हात वर केलाच नाही. समारंभ संपल्यावर ते माझ्याजवळ आले.

"घरी झालं असं लिहून दिलंस?"

"अजून नाही. फॉर्म दिलाय त्यांनी."

"मी दिलं होतं लिहून," ते म्हणाले. "दोन बोटांसाठी दोनदा. सही करताना दुखत नाही. नंतर रोज दुखतं." आणि त्यांनी खिशातलं पेन काढून मला दिलं.

मी तो फॉर्म बाजूला ठेवला आणि डाव्या हाताने पुढील अर्ज केला. विभाने त्याचं जपानी केलं आणि प्रत कामगार खात्याला पाठवली. उत्तर अजून आलेलं नाही.

*प्रति, खाणप्रमुख.*

*विषय: अभिलेख आणि हात यांत आढळलेल्या तफावतीबाबत.*

*महोदय, आपल्या कार्यालयाच्या अधिकृत नोंदीनुसार दिनांक १४ ऑक्टोबर रोजी खाणीत कोणताही अपघात झालेला नाही. ज्याअर्थी अपघात झालेला नाही, त्याअर्थी अर्जदाराची उजवी तर्जनी सुस्थितीत जागेवर असणे क्रमप्राप्त आहे. तथापि प्रत्यक्ष पाहणीत ती तेथे आढळून येत नाही. अर्जदाराने सदर जागेची दिवसातून अनेक वेळा पाहणी केलेली आहे. सबब विनंती की, सदर तफावत सात दिवसांच्या आत दूर करण्यात यावी, आणि त्याकरिता अभिलेख अथवा हात यांपैकी कार्यालयास जे सोयीचे असेल ते दुरुस्त करून मिळावे. अर्जदाराची पसंती हाताला आहे.*